राजगडाच्या वाटेवर भेटलेल्यांचे आभार

गेल्या रविवारी आम्ही चौघे गुंजवणी नदीच्या खोऱ्यातील गुंजवणे गावातून चोरदरवाज्याच्या वाटेने राजगडावर निघालो होतो. पद्मावती माचीखालच्या शेवटच्या खड्या चढणीवर, जिथे कातळाला लोखंडी कठडे लावलेले आहेत, तिथे माझा पाय घसरून घोटा मुरगळला. चूक माझीच, कारण झिजलेल्या तळव्यांचे बूट घालून पावसाळ्यात गडावर येऊ नये, हे मला ठाऊक होते.

वरून उतरणाऱ्या तीन तरुणांनी स्वतःची चढाई-उतराई विसरून मला आळीपाळीने खांदा दिला आणि पायथ्यापर्यंत आणून सोडले. गावातल्या एका आजींनी अंगणात बसवून तव्यावर परतलेल्या हळदीचा लेप घोट्यावर बांधला, वर ताकाचा तांब्या पुढे केला. पैसे विचारताच त्या इतक्या रागावल्या, की मी पाकीट निमूटपणे खिशात ठेवले.

२०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. पद्मावती माची मात्र मला अजून पाहायचीच आहे. नावे विचारायची राहून गेली, म्हणून त्या तिघांचे व आजींचे इथेच मनःपूर्वक आभार मानतो.