त्या इंजेक्शनची वाट पाहू नकोस

प्रिय अविनाश,

तू पाठवलेली बातमी वाचली आणि तिच्याखालची तुझी ओळही: 'चार-पाच वर्षांत हे सगळ्यांना मिळेल, मग आत्ता कानाचं मशीन कशाला?' फोनच केला असता, पण हल्ली फोनवर तू निम्म्या गोष्टींना नुसतं 'हो हो' म्हणतोस. म्हणून लिहितोय.

बातमी खरी आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या सहा मुलांच्या एकेका कानात जनुक-उपचार केले. जानेवारी २०२४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं. मला तर वाचताना काटा आला. त्या मुलांत जे जनुक बिघडलेलं होतं, ते इतकं लांब आहे की त्याची चांगली प्रत वाहून नेणाऱ्या विषाणूत मावतच नाही. मग त्याचे दोन तुकडे केले, दोन वेगळ्या विषाणूंतून आत सोडले आणि पेशीत गेल्यावर ते जुळले! पण बातमीदाराने एक गोष्ट शेवटच्या ओळीत ढकलली आहे. त्या मुलांच्या कानातल्या पेशी धडधाकट होत्या. पेशीकडून नसेकडे संदेश पोचवायला ओटोफर्लिन नावाचं प्रथिन लागतं, तेवढंच त्यांच्याकडे नव्हतं.

तुझं दुखणं वेगळं आहे. छापखान्यात यंत्रांशेजारी उभं राहून तू उमेदीची वर्षं काढलीस, त्यात आता वय. प्रत्येक कानात जन्मतः आवाज टिपणाऱ्या जेमतेम १५-१६ हजार केशपेशी असतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात. म्हणून तुला आवाज येतो, पण 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं, आणि मग तू म्हणतोस की हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. (सगळीच कशी रे?)

पक्ष्यांचं नशीब चांगलं. मोठ्या आवाजाने कोंबडीच्या पिल्लांच्या केशपेशी मेल्या, तरी शेजारच्या आधारपेशींपासून नव्या तयार होतात, हे १९८०च्या दशकात दिसलं. तेव्हापासून माणसाच्या कानात हेच घडवायची खटपट चालू आहे. एफएक्स-३२२ नावाच्या औषधाचा मोठा गाजावाजा होता. कानाच्या पडद्यातून सुई घालून ते आत सोडायचे. फेब्रुवारी २०२३मध्ये चाचणीचा निकाल लागला: ज्यांना औषध दिलं आणि ज्यांना बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं, त्यांच्या ऐकण्यात फरक नाही. कंपनीने तो नाद सोडला. पुढे कधी जमणारच नाही असं मी म्हणत नाही. पण आज तुझ्यासाठी रांगेत उभं राहावं असं औषध नाही.

कॉक्लिअर इम्प्लांटचंही तू विचारलं होतंस. ते मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला विजेचे संकेत देतं. उत्तम साधन आहे, पण ज्यांना चांगलं मशीन लावूनही बोलणं समजत नाही त्यांच्यासाठी. तू अजून तिथे पोचलेला नाहीस.

राहिलं मशीन. 'मशीन लावलं नाही तर स्मृतिभ्रंश होतो' असं कुणी घाबरवलं तर ते अर्धंच खरं धर. २०२३मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवरच्या तीन वर्षांच्या अभ्यासाचा निकाल आला. सगळे मिळून पाहिले तर मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मला हे पुरेसं वाटतं, तुला नसेल वाटत तर राहू दे. तू गप्पांत मागे बसायला लागला आहेस, मला तेवढं कारण बास आहे.

लावशील तेव्हा दोन्ही कानांना लाव. पहिले काही आठवडे ताटवाट्यांचा खणखणाट डोक्यात जाईल, स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा वाटेल. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात ते डबीत ठेवून 'उपयोग नाही' म्हणू नकोस. पुन्हा जाऊन आवाज जुळवून घे. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतो हे प्रत्यक्ष मोजतात, ते करायला सांग.

आणि हो, कधी एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तिथे स्टिरॉइडचा उपयोग होऊ शकतो, पण उशीर झाला की संधी जाते.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढलास की त्या कागदाचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार सांग. टीव्हीचा आवाज तू किती ठेवतोस हे त्यांनीच मला सांगितलं. त्यावरून त्यांच्याशी भांडू नकोस.

तुझा,
सुधाकर