मधल्या टर्मिनलवरची वायर

लंडन, १४ सप्टेंबर

ती. अप्पांना आणि आईला सा. नमस्कार.

परवा ईशानने "आजोबा, आमच्या बोटीतून धूर आला" एवढंच सांगितलं आणि आईला फोन द्यायला लावला. तेव्हापासून तुम्हाला चैन पडत नसेल, हे मला ठाऊक आहे. कुणाला काही झालेलं नाही. वायरिंग फोनवर सांगता येत नाही म्हणून पत्र लिहितेय. मागच्या पानावर आकृती आहे, ती समोर ठेवून वाचा.

आमच्या घराजवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या तळ्यात लोक रविवारी खेळण्यातल्या बोटी सोडतात. खेळण्यातल्या म्हटलेलं तिथल्या म्हाताऱ्यांना चालत नाही. त्यांचा मॉडेल स्टीम बोट क्लब १९०४ सालचा आहे, आणि काहीजण आजही खऱ्या वाफेवर बोट चालवतात. त्यांच्यातल्याच एका आजोबांकडून आम्ही रिमोटवर चालणारी जुनी टगबोट घेतली. लांबी तीन फूट, दोन मोटारी, दोन पंखे, आणि पोटात ६ व्होल्ट १२ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या. उघडून बघितलं तर आपल्या बॅटरीच्या गाळ्याचा वास आला.

त्या आजोबांनी दोन्ही बॅटऱ्या पॅरलल, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून, ठेवल्या होत्या. म्हणजे ६ व्होल्ट आणि २४ एएच. बोट दोन्ही मोटारी मिळून ३ अँपिअर घ्यायची आणि अख्खी दुपार निवांत फिरायची. ईशानला निवांतपणा कसला आवडतोय! मोटारींवर १२ व्होल्ट लिहिलेलं त्याने वाचलं आणि सिरीज कर, म्हणजे एकीपुढे एक जोडून १२ व्होल्ट कर, म्हणून मागे लागला. केली. मीटर लावला तर साडेदहा अँपिअर. पाण्यातला पंखा दुप्पट जोराने फिरवायचा तर करंट दुपटीवर थांबत नाही, हे मी विसरलेच होते. आधी अठरा वॉट लागत होते, आता सव्वाशे. आणि वेग? दीडपटही नाही. टगचं पोट गोल, ती पाणी कापत नाही, ढकलते. नाकासमोर लाटेचा ढीग आणि मागची बाजू पाण्यात बसलेली. बॅटरी कागदावर तासभर पुरायला हवी, पण ते १२ एएच वीस तासांत सावकाश काढले तरच मिळतात, हे तुम्ही गिऱ्हाइकांना रोज सांगायचात. आमची पाऊण तासाच्या आत बसली.

इथवर ठीक होतं. बोटीवरचे दिवे आणि हॉर्न मात्र ६ व्होल्टचे, आणि त्यांचा छोटा स्विचबोर्ड रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरला जोडलेला. त्याला ६ व्होल्ट कुठून द्यायचे? वरची बॅटरी हाताशी होती, तिच्याच प्लस-मायनसला मी वायरी लावल्या. आता आकृती बघा. वरच्या बॅटरीचा मायनस म्हणजेच खालच्या बॅटरीचा प्लस. स्विचबोर्डचा मायनस रिसीव्हरच्या काळ्या वायरीला आतून जोडलेला, रिसीव्हरची काळी वायर स्पीड कंट्रोलरमधून खालच्या बॅटरीच्या मायनसला. म्हणजे खालची बॅटरी त्या केसाएवढ्या काळ्या वायरीतून सरळ शॉर्ट! स्विच दाबायचीही गरज पडली नाही. प्लग बसवल्याबरोबर वायर लाल झाली, रबर वितळलं, आणि ईशान धूर-धूर करत नाचायला लागला.

फ्यूज होता का, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. होता, वरच्या प्लसवर. करंट त्या वाटेने गेलाच नाही.

मला लगेच गाळ्यासमोर उभा राहणारा तो ट्रक आठवला. चोवीस व्होल्टची गाडी आणि टेप बारा व्होल्टचा. ड्रायव्हरने एका बॅटरीवरून वायर ओढलेली, ती बॅटरी दर दोन महिन्यांनी बसायची आणि तो तुमच्या नावाने शंख करायचा. एकदा तर टेपची बॉडी दाराच्या पत्र्याला लागून ठिणग्या उडाल्या होत्या. मी तेव्हा सातवीत असेन. सगळं डोळ्यांनी बघून पंचवीस वर्षांनी तेच केलं.

खालच्या बॅटरीवरून वायर घेतली असती तर धूर निघाला नसता, पण ती एकटी जास्त उतरली असती आणि सिरीजमध्ये तिचे सेल आधी मेले असते. म्हणून आता पूर्ण १२ व्होल्टवर एक छोटा कन्व्हर्टर लावलाय, तो ६ व्होल्ट देतो. प्रत्येक बॅटरीच्या टर्मिनललाच वेगळा फ्यूज घातलाय. आणखी एक भानगड निघाली: दोन मोटारींचे दोन कंट्रोलर, आणि दोघेही रिसीव्हरला ५ व्होल्ट पुरवतात. एका कामावर दोन मुकादम. एकाची लाल वायर प्लगमधून काढून टेप गुंडाळली.

शॉर्ट झालेली बॅटरी मात्र गेली. मी पैसे वाचवायला एकच नवी आणली. पहिल्याच फेरीत जुनी आधी बसली, नवी तिला ओढत राहिली. "जोडी एकत्र येते, एकत्र जाते" असं तुम्ही म्हणायचात तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायचं, शेठ दोन बॅटऱ्या खपवतोय. मलाही थोडं तसंच वाटायचं, आज कबूल करते.

ईशानला आता लिथियम हवी आहे. हलकी आहे हे खरं, पण टगला वजन तळाशी लागतंच. चार किलो बॅटरी काढून तेवढंच शिसं भरायचं, हा कुठला शहाणपणा? शिवाय ते पॅक पॅरलल करताना दोन्हीचे व्होल्ट आधी जुळवावे लागतात, नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात असा ओततो की आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बऱ्या. सध्या नको म्हटलंय. चार्जिंग बोटीचं झाकण उघडं ठेवून, खिडकीजवळ, गॅस कोंडू नये म्हणून. 'बिडी ओढू नये' ही तुमची पाटी ईशानने मराठीत लिहून तिथे चिकटवलीय, बिडी म्हणजे काय ते विचारूनच.

डिसेंबरमध्ये येताना बोट आणतोय, बॅटऱ्या नाही. ६ व्होल्ट १२ एएचच्या दोन, एकाच लॉटमधल्या, तुम्ही लोड टाकून बघून ठेवा. कृष्णाघाटावर सोडू.

आईला म्हणावं, बॅग रिकामी आणतेय.

तुमची,
सुमी

ता. क. कृष्णेत मगरी आहेत हे ईशानला कुणीतरी सांगितलंय. आहेत, म्हटलं. तो आता मोठा हॉर्न शोधतोय.