मराठी पुस्तके ओपॅकमध्ये सापडावीत, यासाठी उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

आता तालुक्याच्या महाविद्यालयातही ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका, दिसू लागली आहे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाची विचारणा होते, त्यामुळे संगणक आले, सॉफ्टवेअर आले, पुस्तकांना बारकोडही लागले. मराठीतून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला या तालिकेत त्याचे पुस्तक सापडते का, हे मात्र कोणी तपासत नाही.

मी एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीने ओपॅकमध्ये देवनागरीत ‘दुष्काळ’ लिहिले, तेव्हा एकही पुस्तक आले नाही. तोच शब्द रोमन लिपीत लिहिल्यावर काही नोंदी आल्या आणि त्यात एकाऐवजी दोन ‘ए’ टाकल्यावर वेगळ्याच नोंदी आल्या. रोजगार हमीवरचे एक उत्तम पुस्तक या दोन्ही याद्यांत नव्हते, कारण त्याच्या शीर्षकात तो शब्द नाही आणि नोंदीतला विषयाचा रकाना कोराच आहे. ते पुस्तक ग्रंथपालांनी आठवणीने कपाटातून काढून दिले. हे ग्रंथपाल लवकरच निवृत्त होत आहेत.

दोष सॉफ्टवेअरचा नाही. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, सोल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने आणि ई-ग्रंथालय एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने तयार केले आहे. या सर्वांत युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाण संकेतातली, देवनागरी चालते. अडचण आत भरलेल्या नोंदींची आहे. घाईच्या संगणकीकरणात अनेक ठिकाणी मराठी शीर्षके रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तशा स्पेलिंगने टंकली गेली. काही ठिकाणी युनिकोडपूर्व फाँट वापरले गेले, आणि ती अक्षरे शोधयंत्राला निव्वळ अर्थहीन चिन्हे वाटतात. एकच पुस्तक ज्या ज्या महाविद्यालयात आहे, तिथे ते नव्याने आणि वेगळ्या रीतीने नोंदवले गेले.

नोंदी देवनागरीत असल्या तरी काम संपत नाही, कारण मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा’ असे शीर्षक मिळत नाही, आणि ‘पुढे कोणतीही अक्षरे चालतील’ असे सांगणारे तारांकन (*) शब्दापुढे दिले तरी मिळत नाही, कारण विभक्ती लागताच मूळ शब्दाचे रूपच बदलते. ‘शेतकऱ्यांचा’ मधील ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’ अशी सानुस्वार रूपे सर्रास आढळतात. महात्मा फुल्यांचे नाव कुठे जोतीराव, कुठे जोतिबा, कुठे ज्योतिबा असे नोंदवलेले असते. यातील एक प्रमाण रूप ठरवून बाकीची त्याला जोडली नाहीत, तर त्यांच्यावरील ग्रंथ एकाच तालिकेत तीन ठिकाणी विखुरतात. ही सारी कामे ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला नीट जमणारी आहेत, पण त्यासाठी जागेवर माणूस हवा, आणि ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिक्त ठेवणारी महाविद्यालये आपल्या विभागाला ठाऊक आहेत.

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी उच्च शिक्षणसंस्थांना संशोधन नियतकालिके ऑनलाइन देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता देऊन तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली, याचे मी मनापासून स्वागत करते. परंतु आंतरराष्ट्रीय नियतकालिकांच्या त्या संग्रहात आमच्या विद्यार्थिनीला हवे ते गॅझेटियर, स्थानिक चळवळीची पुस्तिका किंवा १९७०च्या दशकातील मराठी अहवाल मिळणार नाही; तो मिळाला तर आमच्याच कपाटात मिळेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीत पदवीच्या विद्यार्थ्यांनाच संशोधन प्रकल्प करायचा आहे, आणि त्यांतील अनेकांची वाचनाची भाषा मराठीच असेल.

म्हणून माझी विनंती अशी की, विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांकडे मराठी पुस्तकांच्या एका सामाईक तालिकेचे काम सोपवावे. प्रत्येक पुस्तकाची नोंद एकदाच, देवनागरीत, सोबत ठरलेल्या एकाच पद्धतीचे रोमन रूप, लेखकाचे प्रमाण नाव आणि मराठी विषयशब्द देऊन व्हावी, आणि ती कोणत्याही महाविद्यालयाला विनामूल्य उतरवून घेता यावी. नव्या पुस्तकांचे काम आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकावरून, झपाट्याने होईल. आयएसबीएन नसलेली जुनी पुस्तके मात्र हातात घेऊन, चाळून नोंदवावी लागतील. खरा वेळ आणि खरा निधी तिथेच लागेल. अनुदान देताना ओपॅक आहे की नाही एवढेच न विचारता, दहा मराठी विषयशब्द टाकून काय सापडते हे तपासण्याची अट घालावी, आणि ही तालिका महाविद्यालयाच्या आवाराबाहेरून, विद्यार्थ्याच्या मोबाइलवरही उघडावी.

या कामाचा आराखडा ठरवण्यापूर्वी ग्रामीण महाविद्यालयांतील ग्रंथपालांची एक बैठक आपण बोलवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक प्राध्यापिका