बसचालकांची संघटना महाविद्यालयाने मान्य करावी

महोदय,

यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या भागातील एका खासगी महाविद्यालयाच्या बसगाड्यांवरील चालकांनी आणि मदतनिसांनी संघटना नोंदवण्यासाठी नुकत्याच अर्जावर सह्या केल्या आणि आठवडाभरातच त्यांच्यापैकी पुढाकार घेणाऱ्या दोघांना ठेकेदाराने ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले. महाविद्यालय म्हणते, ही माणसे आमची नव्हेत, ठेकेदाराची आहेत. मी एसटीचा निवृत्त चालक असून माझी नात याच बसने जाते, म्हणून हे पत्र.

कामगारांच्या मागण्यांत पगारवाढ आहेच, परंतु मूळ दुखणे वेळेच्या हिशेबाचे आहे. गावात मुक्कामी असलेली बस पहाटे सहाला हलते, वाटेतल्या गावांची मुले घेत नऊच्या सुमारास महाविद्यालयात पोहोचते, संध्याकाळी पाचला परत निघते आणि शेवटच्या गावी मुलांना उतरवेपर्यंत आठ वाजतात. पगार मात्र दोन फेऱ्यांचा. मधल्या आठ तासांत घरी जावे तर घर दूर आणि स्वतःच्या खर्चाने जायचे. शिवाय गाडी धुणे, डिझेल भरून आणणे, पाहुण्यांना धामणगाव स्थानकावरून घेऊन येणे ही कामे त्याच वेळात सांगितली जातात आणि त्यांची नोंद हजेरीत कुठेच होत नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी संसदेने १९६१ मध्ये केलेल्या कायद्याने दिवसाला आठ तास काम, विश्रांती धरून पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बारा तासांची मर्यादा आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये किमान नऊ तासांची सलग विश्रांती ठरवली होती. गाडीशी संबंधित इतर कामेही त्या कायद्याने कामाच्या वेळेतच धरली. पहाटे सहा ते रात्री आठ हे चौदा तास होतात, हे सांगायला कायद्याचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. कापसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात. अशा रस्त्यावर चौदाव्या तासाला स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाच्या हाती आमची मुले असतात.

पगाराबाबतही थोडे सांगतो. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत हाती पडले पाहिजे, हा नियम १९३६ पासूनचा आहे. इथे ते वीस तारखेनंतर मिळते. गाडी बिघडून फेरी चुकली तर चालकाचा खाडा धरला जातो. उन्हाळी सुट्टीत वेतन नाही, आणि त्या काळात दुसऱ्याकडे काम धरले तर पुढच्या सत्रात जागा मिळेल याची खात्री नाही. पालकांकडून मात्र बसशुल्क वर्षाच्या सुरुवातीलाच एकरकमी घेतले जाते आणि त्या पावतीवर महाविद्यालयाचे नाव असते. पैसे घेताना गाडी महाविद्यालयाची आणि पगार देताना ठेकेदाराची, हा हिशेब मला तरी पटत नाही. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होते.

काही पालकांना संघटनेचे नाव काढताच २०२१-२२ चा एसटीचा संप आठवतो. ती भीती मी समजू शकतो. त्या काळात काळी-पिवळीला लटकून मुले परीक्षेला गेली आणि कामगारांच्या घरांची जी परवड झाली ती आम्ही जवळून पाहिली. पण तो प्रश्न राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाचा होता. इथल्या कामगारांनी काम बंद केलेले नाही, त्यांनी फक्त अर्ज केला आहे. नोंदणीसाठी किमान सात सभासद पुरतात, असे १९२६ चा कामगार संघटना कायदा सांगत होता. संघटना बांधण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमातला आहे, आणि संघटनेत गेल्याबद्दल कामगाराचा छळ करणे ही महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा ठरवली. बोलायला अधिकृत माणूसच नसेल तर व्यवस्थापन तरी कोणाशी बोलणार? एकेकट्याला कार्यालयात बोलावून दम देणे याला चर्चा म्हणत नाहीत.

माझी मागणी एवढीच आहे की काढलेल्या दोघांना कामावर परत घ्यावे, ठेकेदाराशी केलेला करार पालकांना पाहू द्यावा आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत महाविद्यालय, ठेकेदार व कामगार यांची बैठक दिवाळीपूर्वी व्हावी. त्या बैठकीला महाविद्यालयाने केवळ लिपिकाला न पाठवता निर्णय घेऊ शकणारा पदाधिकारी पाठवावा. पालकांपैकी कोणाला बसू दिले तर मी यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
जि. यवतमाळ