व्हिडिओ अडखळतो, त्याला इंटरनेट जबाबदार नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती डेस्कटॉप संगणकावर ४के व्हिडिओ अडखळत चालणे, आपल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधील दोष, आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

महोदय,

आपल्या सेवा केंद्राने माझी तक्रार ‘ग्राहकाच्या इंटरनेटचा वेग अपुरा’ असा शेरा मारून बंद केली आहे. हा शेरा मला मान्य नाही. ज्या व्हिडिओंबद्दल मी तक्रार केली, ते मुळात इंटरनेटवर नाहीतच. मोबाइलने घेतलेले आणि संगणकाच्या एसएसडीवर ठेवलेले ते व्हिडिओ आहेत. नेटची केबल काढून आणि वायफाय बंद करून लावले तरी ते तसेच अडखळतात. पहिल्याच ईमेलमध्ये मी हे स्पष्ट लिहिले होते. त्यावर उत्तर आले, ‘कृपया आपल्या इंटरनेटचा वेग तपासून कळवा.’ आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

त्यामुळे हे पत्र सविस्तर लिहिते आहे. ठरलेली प्रश्नावली वाचून दाखवणाऱ्या प्रतिनिधीकडे न पाठवता ते ड्रायव्हरची (विंडोजला ग्राफिक्स चिपकडून काम करून घेता यावे यासाठीच्या सॉफ्टवेअरची) चाचणी करणाऱ्या अभियंत्यापर्यंत पोहोचवावे, ही पहिली विनंती.

आधी नेमके काय होते ते सांगते. ४के आकाराचा (फुल एचडीच्या चौपट बिंदूंचा), सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे ६० स्थिर चित्रांचा, आणि एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने साठवलेला व्हिडिओ लावला की आवाज अखंड, स्वच्छ येतो. चित्र मात्र झटके घेत पुढे सरकते. कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे फिरत असेल तर चित्र पायऱ्या उतरल्यासारखे दिसते. काही मिनिटांनी पंखा मोठ्याने फिरू लागतो आणि झटके वाढतात. थोड्या वेळाने चित्र आवाजाच्या बरेच मागे पडते, मग एकदम उडी मारून त्याला गाठते.

नेट कमी पडल्यावर असे होत नाही. तिथे साठवलेला भाग संपतो, चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. आवाज सुरळीत आणि चित्र तेवढे अडखळते, याचा अर्थ माहिती संगणकापर्यंत पोहोचली आहे, ती उलगडून वेळेत पडद्यावर येत नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओही मी याच दृष्टीने तपासले. तिथे व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की दोन आकडे शेजारी दिसतात : पुढचा किती सेकंदांचा भाग येऊन पडला आहे, आणि किती फ्रेम गळाल्या. माझ्याकडे पुढचा भाग भरपूर साठलेला असतो आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा धावत असतो. त्याचे स्क्रीनशॉट मी पाठवले होते. ते कोणी उघडून पाहिल्याचे तुमच्या एकाही उत्तरावरून जाणवले नाही.

आता कारण. ४केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. साध्या घरगुती प्रोसेसरने हे काम केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर करावे अशी अपेक्षाच नसते. त्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग असतो. माझ्या संगणकातल्या चिपमध्येही तो आहे. एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओ दाबण्याचे दोन्ही प्रकार, १०-बिटसह (म्हणजे रंगांच्या जास्त छटा असलेलेही), ती हार्डवेअरवर उलगडते, असे चिप बनवणाऱ्या कंपनीच्या तपशील-पत्रात आहे आणि तुमच्या विक्रीच्या पानावरही ठळक अक्षरांत आहे. (एव्ही१ हा २०१८ साली आलेला नवा प्रकार ही चिप हार्डवेअरवर उलगडत नाही. तसा दावा तुम्ही केलेला नाही आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. तुमच्या एका प्रतिनिधीने मध्येच एव्ही१चा विषय काढला, म्हणून हे लिहावे लागले.)

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ग्राफिक्सचे आलेख दिसतात, त्यांत ‘व्हिडिओ डीकोड’ (म्हणजे व्हिडिओ उलगडणे) नावाचा एक आलेख असतो. व्हिडिओ चालू असताना माझ्याकडे तो तळाला चिकटून, शून्यावर असतो. त्याच वेळी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असतो. म्हणजे ज्या भागासाठी हा संगणक घेतला तो स्वस्थ बसून आहे आणि त्याचे ओझे प्रोसेसर एकटा वाहतो आहे. पंख्याचा आवाज त्यामुळेच होतो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, म्हणून झटके सुरुवातीला कमी आणि नंतर जास्त. सगळी लक्षणे या एका कारणाशी जुळतात.

प्लेअर बदलून बघा, असे सुचवण्यात आले. बदलून बघितला. व्हीएलसी या प्लेअरमध्ये हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर ठेवला आणि नंतर डायरेक्ट३डी ११ मुद्दाम निवडला. तरी डीकोडचा आलेख हलला नाही. विंडोजचा स्वतःचा प्लेअर आणि दोन वेगळे ब्राउझर यांतही तेच, आणि ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन सुरूच होते. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर नेला, अँटिव्हायरस तात्पुरता बंद केला. तीच फाइल दुसऱ्या एका जुन्या लॅपटॉपवर लावली आणि ती तिथे व्यवस्थित चालली. तेव्हा ‘आपली फाइल खराब असावी’ या शक्यतेचाही विचार आता पुरे.

मग मी ड्रायव्हरकडे वळले, आणि खरी गोम तिथेच निघाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरची तारीख पाहिली, तर तो तुमच्या अपडेट करणाऱ्या सॉफ्टवेअरने अलीकडेच टाकलेला, तुमच्या कंपनीने ‘खास या मॉडेलसाठी’ बदल केलेला ड्रायव्हर आहे. नवीन संगणक आला तेव्हा त्यावर दुसरा ड्रायव्हर होता आणि हेच व्हिडिओ ठीक चालत होते. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मूळ, सर्वसाधारण ड्रायव्हर उतरवून टाकला. त्याच क्षणी फरक पडला. डीकोडचा आलेख वर गेला, प्रोसेसरवरचा भार अगदी थोडा उरला, पंखा शांत झाला. व्हीएलसीच्या आकडेवारीत गळालेल्या फ्रेम शून्य.

एवढ्यावर मी हे पत्र लिहिले नसते. पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर तुमच्या सॉफ्टवेअरने ‘अत्यावश्यक अपडेट’ असे सांगत तुमचा तोच बिघडलेला ड्रायव्हर परत बसवला. ये रे माझ्या मागल्या! मी मूळ ड्रायव्हर पुन्हा टाकला, तुमच्या सॉफ्टवेअरने तो पुन्हा काढला. एखादा घटक वगळण्याची सोय त्यात नाही. ते सॉफ्टवेअरच काढून टाकू का, असे विचारल्यावर प्रतिनिधी म्हणाले की त्याच्या निदान-अहवालाशिवाय वॉरंटीतली सेवा मिळणार नाही. म्हणजे बिघाड करणारे सॉफ्टवेअर काढले तर वॉरंटी जाते, आणि ठेवले तर बिघाड राहतो. ही अट कोणी विचारपूर्वक घातली असेल, असे मला वाटत नाही. पण ती घातली गेली आहे आणि तुमचे लोक तिच्यामागे उभे आहेत.

तुमच्या तंत्रज्ञाने रिमोट सेशन घेऊन माझा संगणक तपासला, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. त्यांनी एक छोटा १०८०पीचा, म्हणजे फुल एचडी व्हिडिओ लावला. १०८०पीमध्ये ४केच्या एक चतुर्थांश बिंदू असतात आणि तो जुन्या एच.२६४ पद्धतीचा होता. एवढे काम प्रोसेसर सहज पेलतो. तो नीट चालला यात नवल नाही आणि तो अडखळतो असे मी कधी म्हटलेही नव्हते. त्याहून मौज म्हणजे, तो व्हिडिओ ते त्यांच्या पडद्यावर, रिमोटच्या खिडकीतून बघत होते. त्या मार्गाने पोहोचणारे चित्र आधीच फ्रेम गाळून पोहोचते. तिथे बसून ‘मॅडम, एकदम स्मूथ आहे’ हा निर्वाळा देता येत नाही. माझ्या फाइली लावून बघा, असे सांगितले तर ‘वेळ संपली’ असे उत्तर मिळाले.

त्यानंतरचा सल्ला म्हणजे विंडोज रीसेट करा. हाच सल्ला तुमच्या निरनिराळ्या प्रतिनिधींनी निरनिराळ्या वेळी दिला आणि रीसेट केल्यावर तुमचे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर टाकेल, या प्रश्नावर प्रत्येकजण गप्प राहिला. उत्तर उघड आहे, तोच टाकेल. घरचा सगळा संग्रह, बसवलेली सगळी सॉफ्टवेअर पणाला लावून मी पुन्हा त्याच जागी येणार. रीसेटला माझा विरोध नाही, पण आधी कारण सांगा.

आता दुसरा मुद्दा, जो पहिल्यामुळे झाकला गेला होता. मूळ ड्रायव्हर असताना फ्रेम गळणे थांबले, तरी वेगवान हालचालीच्या दृश्यांत पडद्यावर बारीक धक्के राहिलेच. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये पाहिले तर ४केवर रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा, ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० वेळा), आणि त्यापुढचा पर्याय यादीतच नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे आणि तो दुसऱ्या संगणकाला त्याच केबलने जोडल्यावर ४केवर ६० हर्ट्झ दाखवतो. तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सुचवलेली महागडी केबल घेण्याचे कारण नाही. केबल बदलून पोर्टची आवृत्ती बदलत नसते.

लक्षणांवरून तुमच्या संगणकावरचे, मॉनिटरची केबल जोडायचे पोर्ट एचडीएमआय १.४ दर्जाचे दिसते. २००९ साली आलेला हा दर्जा ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतो. ६० वेळा पाठवण्याची क्षमता एचडीएमआय २.०मध्ये, म्हणजे २०१३ साली आली. ३० हर्ट्झवर ६० फ्रेमच्या व्हिडिओतली प्रत्येक दुसरी फ्रेम पडद्यावर येतच नाही, डीकोडर कितीही चांगला चालो. २४ फ्रेमच्या चित्रपटाचेही ठीक होत नाही. ३०ला २४ने भाग जात नाही, म्हणून दर चार फ्रेमपैकी एक दोनदा दाखवावी लागते आणि संथ फिरणाऱ्या दृश्यात ती खोट डोळ्याला खुपते. विक्रीच्या पानावर तुम्ही ‘४के ६० एफपीएस व्हिडिओचा अखंड आनंद’ असे लिहिले आहे आणि पोर्टच्या रकान्यात नुसते ‘एचडीएमआय’. आवृत्ती कुठेही नाही, माहितीपुस्तिकेतही नाही. डिस्प्लेपोर्ट हे मॉनिटर जोडायचे वेगळे पोर्ट दिलेले नाही. दुसरे जे पोर्ट आहे ते व्हीजीए, १९८७ सालचे! ४केची जाहिरात करणाऱ्या संगणकावर त्याने काय करायचे ते तुम्हीच सांगावे.

यातली एक गोष्ट ड्रायव्हरने सुटेल, दुसरी सुटणार नाही. म्हणून दोन्हींसाठी माझ्या मागण्या वेगळ्या आहेत.

ड्रायव्हरबाबत : दोष असलेला ड्रायव्हर या मॉडेलसाठी मागे घ्यावा आणि हार्डवेअर डीकोडिंग चालते याची ४के एचईव्हीसी फाइलवर प्रत्यक्ष चाचणी करूनच नवा द्यावा. तो येईपर्यंत चिप बनवणाऱ्या कंपनीचा मूळ ड्रायव्हर वापरल्यास आणि तुमचे अपडेट सॉफ्टवेअर बंद ठेवल्यास वॉरंटीला बाधा येणार नाही, असे लेखी कळवावे. तोंडी आश्वासन नको, ते मला याआधी मिळालेले आहे.

पोर्टबाबत : ते कोणत्या आवृत्तीचे आहे ते एका ओळीत लेखी सांगावे. १.४ असेल तर हा संगणक जाहिरातीतले काम करू शकत नाही. अशा वेळी ४केवर ६० हर्ट्झ देणारे मॉडेल बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. रिझोल्यूशन १०८०पीवर आणून ६० हर्ट्झ मिळवा, हा तुमच्या चॅटवरचा उपाय मी स्वीकारत नाही. ४केसाठी पैसे घेतल्यावर १०८०पीवर समाधान मानायला सांगणे याला उपाय म्हणता येणार नाही.

विक्रीच्या पानावरचा मजकूरही दुरुस्त व्हावा. पोर्टची आवृत्ती तिथे आधीपासून असती, तर मी हे मॉडेल घेतलेच नसते.

बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिच्यावरचा इंटरनेटचा शेरा काढावा आणि ती कोणाकडे सोपवली ते कळवावे. चाचणीसाठी मूळ व्हिडिओ फाइल द्यायला मी तयार आहे. पुन्हा रिमोट सेशन घ्यायचे असल्यास तंत्रज्ञाने व्हिडिओ स्वतःच्या पडद्यावर न बघता माझ्या टास्क मॅनेजरमधला डीकोडचा आलेख बघावा. तो रिमोटवरही खरा दिसतो.

आपली,
आपल्या कंपनीची एक ग्राहक

सोबत : दोन्ही ड्रायव्हर असतानाचे टास्क मॅनेजरचे स्क्रीनशॉट, व्हीएलसीची आकडेवारी, डिस्प्ले सेटिंगमधील ३० हर्ट्झची नोंद, विक्रीच्या पानाची प्रत आणि खरेदीची पावती.