आंब्याच्या गोष्टीत राहून गेलेला वैद्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत आंब्याच्या इतिहासावर आलेला लेख आवडीने वाचला. हापूस या नावाचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कशी जोडला जाणारा संबंध, पोर्तुगीज अमदानीतली कलमे, देवगड चांगला की रत्नागिरी हा न मिटणारा वाद, हे सारे त्यात रंगून आले आहे. मात्र साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याने मुंबई बेटावरच्या स्वतःच्या आंब्याविषयी छापील पुस्तकात लिहून ठेवले, त्या गार्सिया द ओर्ताचे नावही त्यात नसावे याचे वाईट वाटले. त्याच्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येई, एकदा मे महिन्यात आणि पुन्हा वर्षअखेरीस. चवीला इतर आंबे याहून सरस असले तरी अवेळी येणारा म्हणून याचे अप्रूप, असेही तो प्रांजळपणे नोंदवतो. मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त अध्यापिका असून गेली काही वर्षे या माणसाच्या पुस्तकाशी झटापट करीत आहे, म्हणून हे थोडे लांब पत्र.

ओर्ता हा पोर्तुगालच्या कास्तेलो द व्हीदे गावचा, बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यातला. सालामांका आणि अल्काला येथे शिकून, काही काळ लिस्बनला अध्यापन करून तो १५३४ साली मार्तिम अफोन्सो द सोझा याच्या आरमाराबरोबर गोव्याला आला आणि परत गेला नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी तो वैद्य म्हणून जात असे. १५५४च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिले. वर्षाचा खंड १,४३२ पारदावांच्या (पारदाव हे तेव्हाचे गोव्यातले नाणे) आसपास होता. त्याने बांधलेल्या वाड्याच्या जागीच पुढे इंग्रजांचा मुंबईचा किल्ला उभा राहिला. आज ती जागा एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमागे, नौदलाच्या आवारात आहे. एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून वडापाव खाणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या पाठीशी काय आहे हे सांगणारी एक ओळही तिथे दिसत नाही.

त्याचे पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाले. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि द्रव्ये यांवरचे हे संवाद असून त्यांची संख्या ५९ आहे. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती, त्यामुळे पुस्तकाला जोडलेले शुद्धिपत्र वीसेक पानांचे झाले. (मुद्रितशोधकांनी एवढ्यावरून धीर धरावा.) पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश याची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे. संवादातला रुआनो हा युरोपातून नुकताच उतरलेला, कल्पित वैद्य. तो दर वेळी ग्रीक ग्रंथांचे दाखले पुढे करतो आणि ओर्ता त्याला सांगतो की गालेन आणि डायोस्कोरिडीस यांच्या नावाने मला भिववू नका, मी डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगतो. हे लिहायला स्पेनमध्ये कुणी धजावले नसते, अशी कबुलीही त्याच संवादांत आहे.

आता या पुस्तकाचा मराठी वाचकाशी काय संबंध, हे मला ग्रंथालयात नव्हे, प्रिन्सेस स्ट्रीटजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात उमगले. ओर्ताच्या पुस्तकातली नावे मी कागदावर उतरवून नेली होती. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांना एकेक नाव त्याने लिहिले होते तसेच वाचून दाखवू लागले. ‘तुर्बित’ म्हणताच त्यांनी मान न वर करता ‘तुरबुद, म्हणजे निशोत्तर’ म्हटले आणि मागचा पत्र्याचा डबा उघडला. ‘नेगुंदो’ला त्यांनी निर्गुंडीचा वाळका पाला चुरगळून माझ्या नाकाशी धरला. ‘चीनचे मूळ’ म्हटल्यावर चोपचिनीचा लालसर, जड तुकडा आला, ‘काते’ला काताची वडी आली, आणि ‘बिबो’ ऐकताच ते हसले, कारण बिबा हा बिबाच राहिला होता, त्याच्या काळ्या कवचासकट. वेखंड, हिरडा, कोळिंजन, बहाव्याची शेंग असे करता करता फळीवर रद्दीच्या कागदाच्या तेरा-चौदा पुड्या जमल्या. शेवटी त्यांनी विचारले, ‘बाई, हे लिहिणारा आपल्याकडचाच कोणी का?’ या प्रश्नाला नाही म्हणणे मला जड गेले.

यांतला सर्वांत मोलाचा शब्द मात्र औषधाचा नसून रोगाचा आहे. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, युरोपीय वैद्याने केलेले आद्य तपशीलवार वर्णन याच पुस्तकात सापडते. लागेनाशी झालेली नाडी, अंगावरचा गार घाम, आतली आग आणि तहान, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे, असे रोग्याच्या उशाशी बसून टिपलेले ते वर्णन आहे. या रोगाला इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचे ‘मोर्देशी’ करून टाकले, असे ओर्ता लिहितो. ही आपली मोडशी. माझी आजी जेवण बाधून उलट्या झाल्या की ‘मोडशी झाली’ म्हणे आणि सुंठ उगाळायला बसे. तोच शब्द पुढे फ्रेंचांच्या तोंडी गेला आणि त्यांच्या कानाने त्याचा अर्थ चक्क ‘कुत्र्याचे मरण’ असा लावला. उपचारांमध्ये देशी वैद्य तांदळाची पेज मिरे आणि जिरे घालून पाजतात, तळपायांना डाग देतात, असे तो सांगतो. डागण्या सोडून द्या. पण जुलाबाच्या रोग्याला पेज पाजणाऱ्याला आजचा कोणताही डॉक्टर हसणार नाही.

पारिजातकाचेही तसेच. सूर्यावर प्रेम करणारी, त्याने अव्हेरल्यावर जळून गेलेली कन्या, तिच्या राखेतून उगवलेले झाड आणि सूर्याचे तोंड नको म्हणून पहाटेच गळणारी फुले, ही कथा ओर्ताने इथल्या लोकांकडून ऐकून लिहिली आणि त्या झाडाला ‘दुःखी झाड’ म्हटले. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने पारिजातकाला दिलेल्या नावात तेच दुःख लॅटिन होऊन बसले आहे. आमच्या चाळीच्या चौकात रोज सकाळी जो सडा पडतो त्याच्या नावाचा प्रवास असा आहे. जाता जाता एक दुरुस्ती करते: कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या नावाचा ओर्ताशी काही संबंध नाही. ते लॉरेन्ट गार्सिन या फ्रेंच वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ आहे. उत्साहाच्या भरात ही चूक व्याख्यानांतून होताना मी ऐकली आहे, आणि एकदा स्वतः केलीही आहे.

युरोपने ओर्ताला वाचले, ते मात्र वेगळ्या रूपात. १५६७ साली अँटवर्पला क्लुसियसने त्याचा लॅटिन सारांश छापला आणि पुढे तोच सर्वत्र पसरला. क्लुसियस मोठा वनस्पतिज्ञ होता, त्याने मजकूर नीट लावला, पण संवादाचा घाट काढून टाकला. त्याबरोबर मधेच खोलीत येऊन बोलणारा मालुपा हा हिंदू वैद्य गेला, हाक मारताच फळ किंवा फांदी घेऊन येणारी अंतोनिया ही दासी गेली, मुंबईहून आंब्यांची पाटी घेऊन येणारा खंडकरी गेला. द्रव्ये राहिली आणि ती ओळखून देणारी माणसे तेवढी पुसली गेली. मूळ पोर्तुगीज संवाद नीट संपादून यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली आणि क्लेमंट्स मार्कहॅम यांचे इंग्रजी भाषांतर १९१३ साली निघाले.

ओर्ता स्वतः १५६८ साली गोव्यात वारला. पुढल्याच वर्षी गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळले. १५८० साली खुद्द त्याची हाडे उकरून जाळण्यात आली, त्यामुळे फूल ठेवायला त्याचे थडगेही नाही. पणजीतल्या महापालिकेच्या उद्यानाला त्याचे नाव मिळाले. मुंबई बेट ज्याच्या पट्ट्याने होते त्याला मुंबईने काय दिले, हा माझा प्रश्न आहे.

याचा अर्थ त्याला देव्हाऱ्यात बसवावे असा नाही. तो परक्या सत्तेचा पट्टेदार होता. त्याने भरलेला खंड अखेर बेटावरच्या नारळ, भात आणि मासळीवर पोसलेला होता, म्हणजे कोळी, भंडारी, कुणबी यांच्या कष्टांतून आलेला होता. अंतोनिया त्याच्या घरी स्वेच्छेने राहत होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा पाया ज्याच्या संग्रहाने घातला गेला त्या डॉ. हान्स स्लोनचा अर्धपुतळा २०२०मध्ये चौथऱ्यावरून काढून काचेच्या कपाटात ठेवण्यात आला आणि जमैकातल्या गुलामांच्या श्रमांशी त्याच्या संपत्तीचा संबंध शेजारी लिहिण्यात आला. त्यावर तिकडे बरीच आदळआपट झाली. मला ती पद्धत रास्त वाटते: पुतळा फोडायचा नाही आणि मजकूरही लपवायचा नाही. ओर्ताचा फलक होईल तेव्हा त्यावर त्याच्या बहिणीची चिता आणि त्याच्या घरातली दासी या दोन्ही गोष्टींना जागा असावी.

फलकाहून मोठे काम पुस्तकाचे आहे. केरळने काय केले ते पाहावे. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे दाखले त्यांच्या नावानिशी छापलेले आहेत. प्रा. के. एस. मणिलाल यांनी त्या ग्रंथासाठी आयुष्याची कित्येक दशके खर्ची घातली आणि केरळ विद्यापीठाने त्यांची इंग्रजी व मल्याळम भाषांतरे प्रसिद्ध केली. एकेक झाड पुन्हा शोधून, नमुना वाळवून, नाव ताडून पाहण्याचे ते काम होते. ओर्ताचे पुस्तक त्या मानाने एका दमात वाचता येईल एवढे आहे. त्याची मूळ पोर्तुगीजवरून केलेली, संवादाचा घाट राखणारी, सटीप मराठी आवृत्ती काढायला एक पोर्तुगीज जाणणारा, एक वनस्पतिज्ञ, एक आयुर्वेदाचा वैद्य आणि मराठी-कोकणी बोलींचा एक अभ्यासक एवढी माणसे पुरेत. गोवा आणि मुंबई मिळून ही चौघे जमणार नाहीत असे मला वाटत नाही. सोळाव्या शतकात इथल्या बाजारात आणि स्वयंपाकघरात चालणारे शब्द परक्या कानाने पण तारखेसकट टिपलेले मिळतात, हे भाषेच्या अभ्यासकांसाठीही लहान घबाड नव्हे.

राणीच्या बागेत पुस्तकातली बरीच झाडे उभी आहेत. तिथल्या पारिजातक, बहावा, निर्गुंडी आणि जांभूळ यांच्या पाट्यांवर शास्त्रीय नावाखाली ओर्ताची दोन वाक्ये मराठीत लिहिली तर खर्च रंगाच्या डब्याएवढा येईल. त्याच आवारातल्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड या वैद्याचे आणि संग्राहकाचे नाव १९७५ साली दिले गेले, म्हणजे अशा आठवणी ठेवण्याची रीत मुंबईला ठाऊक नाही असे नाही. नौदलाच्या आवारात सर्वांना प्रवेश देणे सुरक्षेच्या दृष्टीने अवघड आहे हे मान्य. फलक टाउन हॉलच्या बाजूच्या पदपथावर लावायला ती अडचण येऊ नये.

दुकानात जमलेल्या त्या पुड्या मी अजून टाकलेल्या नाहीत. प्रत्येक पुडीवर ओर्ताने लिहिलेले नाव, दुकानदाराने उच्चारलेले नाव आणि शास्त्रीय नाव अशी तीन नावे आहेत. वर सांगितलेले काम जी संस्था हाती घेईल तिच्याकडे त्या पुड्या आणि माझी शब्दसूची आपल्या कार्यालयामार्फत सुपूर्द करण्यास मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई