पावतीवर नाव कुणाचं?

मिरज

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. त्या नटाने तुमच्या मंडळाच्या पूरनिधीला पाच लाख देऊ केले, हे वाचून बरं वाटलं. पण त्याच्या मॅनेजरने किट वाटतानाचे फोटो आणि व्हिडिओ मागितले आणि तू भडकलास. मोठ्या लोकांनी दान करायचं तर तोंड मिटून करावं, या हाताचं त्या हाताला कळू नये, असं तू लिहिलंस. फोटोबद्दलचा तुझा राग मला शंभर टक्के पटतो. तोंड मिटण्याचं मात्र पटत नाही, आणि तू मंडळाच्या बैठकीत ते मांडायच्या आधी माझं म्हणणं सविस्तर ऐकावंस म्हणून हे लांबलचक पत्र.

या हाताचं त्या हाताला कळू नये ही रीत माणूस माणसाला देतो तेव्हाची आहे. शेजारच्या पोराची फी भरलीस तर ती चारचौघांत सांगू नये, कारण त्या घराला उद्या तुझ्यासमोर मान वर करून बोलायचं असतं. घेणाऱ्याची लाज राखायला ती रीत आली. पण नट मुख्यमंत्री सहायता निधीला किंवा एखाद्या ट्रस्टला पंचवीस लाख देतो, तेव्हा समोर लाजणारं कुणी नसतं. समोर असते हिशेबाची वही, आणि वहीला नाव लागतंच. आपल्या आयकर कायद्यातही धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की त्यावर ३० टक्के कर बसतो. ही मर्यादा एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यातली जी जास्त असेल ती. निव्वळ धार्मिक संस्थेला सूट आहे, म्हणून देवळाच्या दानपेटीत निनावी नोट चालते. धर्मादाय मदतनिधीला मात्र हा कर टाळायचा तर देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवावा लागतो. तेव्हा लोकांपासून गुप्त ठेवता येईल, वहीपासून नाही.

दुसरं म्हणजे, तो पैसा सगळाच्या सगळा त्याचा असतो असंही नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या रकमेवर जुन्या करपद्धतीत ८०-जी या देणगी-सवलतीच्या कलमाखाली शंभर टक्के वजावट मिळते. २०१९-२० सालात पाच कोटींच्या वर उत्पन्न असलेल्याला अधिभार आणि उपकर धरून सर्वांत वरचा दर ४२.७४ टक्के पडत होता. म्हणजे पंचवीस लाख देऊन वजावट घेतली, तर सुमारे १० लाख ६९ हजारांचा कर वाचला आणि पदरची तोशीस झाली सव्वाचौदा लाखांच्या आसपास. उरलेलं सरकारी तिजोरीने, म्हणजे तू-मी मिळून सोसलं. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, तिथे दिलेला रुपया पूर्ण त्याच्याच खिशातला. यात दात्याला कमी लेखण्यासारखं काही नाही, कायद्याने सवलत दिलीच आहे द्यावंसं वाटावं म्हणून. पण आपलाही वाटा त्यात असेल तर रक्कम आणि निधीचं नाव विचारण्याचा हक्क आपल्याला पोचतो.

कंपनीचा पैसा असेल तर आणखी बारकाईने बघायला हवं. बऱ्याच कलाकारांच्या स्वतःच्या निर्मिती कंपन्या असतात. वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं त्या कंपनीला बंधनकारक आहे. ते पैसे ‘मी दिले’ म्हणून मिरवले तर लोकांची फसगत होते. आणि इथे एक खाचखळगा आहे: पंतप्रधानांच्या पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम या सक्तीच्या सामाजिक खर्चात, म्हणजे सीएसआरमध्ये, धरली जाते, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली धरली जात नाही. केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये तसा खुलासाच केला होता. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिली तर चालते. मॅनेजर लोक नेमके इथे घोळ घालतात, चुकीच्या निधीला चेक निघतो आणि मग तो बदलण्यात महिना जातो.

गप्प राहिल्याने काय होतं तेही बघ. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात चढलं, तेव्हा पहिल्या काही दिवसांत मराठी माणूस हेच विचारत होता की आदल्या वर्षी केरळसाठी धावलेले मुंबईचे तारे आता कुठे आहेत. मग रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी मुख्यमंत्री निधीला पंचवीस लाखांचा चेक दिला आणि ते जाहीर झालं. रक्कम किती, निधी कुठला, एवढंच त्यात होतं. त्यात कुणा पूरग्रस्ताचा चेहरा नव्हता. मला ती जाहीर करण्याची पद्धत स्वच्छ वाटते. उलट बाजूचं उदाहरण अमिताभ बच्चन यांचं: कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘तुम्ही काय केलंत’ म्हणून इतकं बोलणं ऐकावं लागलं, की मे २०२१ मध्ये त्यांनी दिलेल्या मदतीची यादीच लिहून प्रसिद्ध केली. न बोलणाऱ्याला शेवटी जास्त बोलावं लागलं.

आणि दाता बोलला नाही की दुसरेच त्याच्या नावाने बोलतात. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर क्रिस्तियानो रोनाल्डोने कोट्यवधी दिल्याची बातमी जगभर फिरली. ज्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ला दिल्याचं म्हटलं होतं त्या संस्थेनेच ती नाकारली. २०१८ च्या केरळच्या पुरात पुन्हा त्याच्याच नावाने ७७ कोटींची थाप पसरली. अशा थापांनी दोन नुकसानं होतात. लोकांना वाटतं पैसा भरपूर आला, आता आपल्या पाचशेची गरज नाही. आणि खरंच दिलेल्याच्या रकमेची तुलना खोट्या आकड्याशी होते.

लोक एकमेकांचं बघून देतात, दिलीप. अमेरिकेत एका सार्वजनिक रेडिओच्या निधीसंकलनात संशोधकांनी प्रयोग केला होता. फोन करणाऱ्याला ‘आधीच्या एका सभासदाने ३०० डॉलर दिले’ एवढं नुसतं सांगितलं, तर सरासरी देणगी सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. सांगण्यात ताकद आहे ती ही. सुशांतसिंह राजपूतने ऑगस्ट २०१८ मध्ये केलं ते मला याहून मोलाचं वाटतं. एका चाहत्याने लिहिलं की केरळला मदत करायची इच्छा आहे पण पैसे नाहीत. सुशांतने त्या चाहत्याच्या नावाने केरळच्या मुख्यमंत्री निधीत एक कोटी भरले आणि भरल्याचा पुरावा टाकला. रक्कम, निधी, पैसे गेल्याची खूण, तिन्ही गोष्टी होत्या आणि नाव दुसऱ्याचं होतं.

सांगायचं तर क्रियापदाचा काळ नीट वापरून सांगावं. ‘देणार आहे’, ‘देत आहे’ आणि ‘दिले’ हे तीन वेगळे निरोप आहेत. आपत्तीच्या धामधुमीत वर्तमानपत्रं तिन्हींचं ‘दिले’ करून टाकतात. म्हणून नियम साधा ठेवावा: पैसे खात्यातून वळते झाल्यावर, तारखेसह सांगायचं. आधीच सांगितलं असेल तर पोचल्यावर पुन्हा एकदा सांगायचं.

निधीची कागदपत्रं न वाचता आवाहन केलं तर काय होतं, याचा सर्वांत मोठा धडा ऑस्ट्रेलियात मिळाला. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या जंगलांना वणवे लागले होते. सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर ३० हजार डॉलर जमवायला सुरुवात केली आणि जमले ५ कोटी १० लाख डॉलरहून जास्त. लोकांच्या मनात होतं की यातून घरं गेलेल्यांना मिळेल, भाजलेल्या प्राण्यांना मिळेल, दुसऱ्या राज्यांतही जाईल. तीही तसंच बोलली होती. पण पैसा जात होता न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या एका ट्रस्टमध्ये, आणि ट्रस्टच्या दस्तात उद्देश लिहिला होता दलाची साधनं, प्रशिक्षण, साहित्य. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२० मध्ये निकाल लागला की जखमी जवानांना आणि मृत जवानांच्या कुटुंबांना यातून मदत करता येईल, पण इतर संस्थांना किंवा इतर राज्यांना हा पैसा देता येणार नाही. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त आवाहनातली वाक्यं आणि दस्तातली वाक्यं जुळत नव्हती.

आपल्याकडेही हे होऊ शकतं. मुख्यमंत्री सहायता निधीतून एरवी गरीब रुग्णांच्या उपचारांनाही पैसे जातात. ‘पुरासाठी’ म्हणून द्यायचं असेल तर त्या आपत्तीसाठी वेगळं खातं उघडलंय का ते आधी बघावं, जसं कोविडच्या वेळी उघडलं होतं. आणि खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी कुणाच्या तरी फॉरवर्डमधून उचलू नये, सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावा. पीएम केअर्स सुरू झाल्याबरोबर शेवटचा एक ‘एस’ गाळून नकली आयडी तयार झाला होता. लाखो चाहते असलेल्या माणसाने चुकीचा आयडी टाकला तर तो दुरुस्त होईपर्यंत किती जणांचे पैसे गेले असतील, विचार कर.

या मंडळींकडे पैशाहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे लोकांचं लक्ष. ते वापरायचं कधी? पहिल्या चार दिवसांत हमरस्त्यालगतच्या गावांत बिस्किटं, पाव, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचा ढीग होतो. जुने कपडे तर शाप आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ते रस्त्याकडेला टाकून दिलेले पडले होते. निवडायला माणसं लागतात, ओले झाले की कुजतात, आणि घर गेलेल्या बाईला परक्याचा विटका ब्लाउज अंगावर घालवत नाही. कुणा नटाने ‘जुने कपडे पाठवू नका’ एवढं एक वाक्य जरी सांगितलं तरी ट्रकच्या ट्रक वाचतील.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेरे गेलेले असतात आणि खरी गरज तेव्हा असते. फावडी, घमेली, खराटे, गमबूट, फिनेल, गाद्या, वह्यापुस्तकं, जनावरांना चारा, पाण्यात बुडालेल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करायला पैसे. विहिरींचंच घे. तीन मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ३५ हजार लिटर पाणी असतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर हा नेहमीचा हिशेब, म्हणजे नव्वद-एक ग्रॅम. पुराच्या गढूळ पाण्याला तेवढी पुरत नाही. आधी उपसा करायचा, गाळ काढायचा, मग पावडर टाकून तासाभराने पाण्यात क्लोरीन उरलाय का ते तपासायचं. पोतं उघडं राहिलं की पावडरचा जोर जातो, ते वेगळं. तरी बाटल्यांच्या एका ट्रकच्या पैशात कितीतरी गावांच्या विहिरी होतात. तुझ्या नटाला सांग की पहिली घोषणा करायची तर आज कर, पण दुसरी आठवणीने वीस दिवसांनी कर.

आता फोटो. इथे मी पूर्ण तुझ्या बाजूचा आहे आणि मंडळाने जराही मागे हटू नये. २०१९ मध्ये धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोंचे स्टिकर लागले होते, लोक किती चिडले ते तुला आठवत असेल. घर गेलेला माणूस पाच किलो तांदळासाठी चेहरा विकायला आलेला नसतो. त्याच्या पोरांच्या शाळेत उद्या तो फोटो फिरतो. शिवाय कामाचंही नुकसान आहे. तुमच्या पाच लाखांत साडेबाराशेचं एक धरून ४०० किट होतात. पाहुण्याच्या हातून एकेक दिलं, कॅमेऱ्याकडे बघायला एक मिनिट धरलं, तर सहा तास चाळीस मिनिटं लागतात, तो उशिरा आला तर वेगळंच. आदल्या दिवशी घरोघर चिठ्ठ्या देऊन तीन टेबलं मांडली तर हेच काम दोन-अडीच तासांत उरकतं. मॅनेजरला गोदामातल्या मालाचा फोटो द्या, भरलेल्या टेम्पोचा द्या, खरेदीच्या बिलांचा द्या. माणसांचा एकही नको, पाठमोरा असला तरी नको.

किटमध्ये गहू घालू नका, पीठच घाला. वीज नसते, गिरण्या बंद असतात. तांदूळ ५ किलो, पीठ ५ किलो, तूरडाळ २ किलो, तेलाची लिटरची पिशवी, साखर, चहा, मीठ, तिखट-हळद, अंगाचा आणि कपड्याचा साबण, काडेपेटी, मेणबत्त्या. सॅनिटरी पॅड वेगळ्या पिशवीत, बायकांनीच बायकांना द्यावेत.

पैसे घेण्याआधी दोन गोष्टी बघून घे. लोकांकडून निधी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडची ४१-क कलमाखालची परवानगी या कामासाठी घेतली आहे ना? गणपतीची जुनी असेल तर ती यात धरू नका. आणि मंडळाकडे ८०-जी नोंदणी नसेल तर ते त्या मॅनेजरला आजच लेखी कळव. नंतर कळलं तर तो पैसे परत मागेल आणि तोवर तांदूळ वाटून झालेला असेल. रोख अजिबात घेऊ नका. दोन हजारांच्या वर रोखीला वजावट नसते, आणि तुमच्याही अंगावर संशय नको.

८०-जी असेल तर पॅन कार्डाची प्रत मागून घे. तुम्हाला पुढे देणगीदारांचं विवरण पॅननुसार भरायचं आहे, आणि नटमंडळींचं पडद्यावरचं नाव पुष्कळदा कागदावरच्या नावाहून वेगळं असतं. पावतीवर पॅनवरचंच नाव घाल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरुण